अश्वगंधा अन्न नाही, हे डेन्मार्कने सांगायला हवं होतं का?

एप्रिल २०२३मध्ये डेन्मार्कने अश्वगंधा घातलेल्या खाद्यपूरकांवर बंदी आणली. तेव्हापासून आपल्याकडे चाललेला वाद दोन्ही बाजूंनी अतिशय वाईट लढवला जातो आहे. 'आपल्या ऋषिमुनींचं ज्ञान गोऱ्यांना बघवत नाही' असं एक बाजू म्हणते. 'बघा, परदेशात बंदी आली, म्हणजे सगळं थोतांडच होतं' असं दुसरी. ज्या अहवालावर ती बंदी उभी आहे तो उघडून बघायची तसदी दोघंही घेत नाहीत. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२० साली तयार केलेल्या त्या अहवालापुढे 'हे मूळ गुणकारी आहे का' हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो असा: हा पदार्थ अन्न म्हणून, म्हणजे कुणीही, कुणाला न विचारता, गरोदर बाईनेसुद्धा, रोज खाल्ला तर अमुक मात्रेपर्यंत सुरक्षित, अशी रेघ ओढता येते का? थायरॉइडवर आणि लैंगिक संप्रेरकांवर होणारा परिणाम आणि गर्भपाताची शक्यता बघून त्यांनी 'नाही ओढता येत' असं उत्तर दिलं. आता हाच प्रश्न सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वैद्यांना विचारून बघा. वय, प्रकृती, अग्नी, ऋतू न बघता, गरोदर आहे की नाही हेही न विचारता कुणालाही रोज अश्वगंधा द्याल का? तेही नाहीच म्हणतील. मग भांडण नेमकं कुणाशी आहे?

म्हणणं आधीच मांडून ठेवलेलं बरं. अश्वगंधा हे औषध आहे. सौम्य ते मध्यम ताण, त्यातून येणारी अस्वस्थता आणि उडालेली झोप, एवढ्यापुरता तिचा काही उपयोग होतो असं म्हणायला बऱ्यापैकी आधार आहे. पण औषध म्हटलं की मात्रा आली, मुदत आली, पथ्य आलं, कुणाला द्यायचं नाही तेही आलं. नैराश्य, पॅनिकचे झटके, बायपोलर, सायकोसिस यांवरचा तो उपचार नव्हे. आणि या मुळाची सगळ्यात जास्त विटंबना त्याला थोतांड म्हणणारे करत नाहीत. ते चहाच्या पुडीत, गमीत म्हणजे चघळायच्या गोड गोळीत, प्रोटीनच्या डब्यात चिमूटभर घालून 'मन शांत ठेवा' म्हणून विकणारे करतात.

अश्वगंधेला लावल्या जाणाऱ्या 'अ‍ॅडॅप्टोजेन' या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण निम्मा घोळ त्या शब्दाने घातला आहे. जाहिरातीत तो हिमालय, ताडपत्र आणि खलबत्त्याच्या चित्रासोबत येतो. त्याचा जन्म मात्र सोव्हिएत संघातला. १९४७ साली निकोलाय लाझारेव्ह यांनी तो वापरला तेव्हा त्यांच्यासमोर वनस्पतीही नव्हती, डिबाझोल नावाचं प्रयोगशाळेत बनलेलं औषध होतं. पुढे इस्राएल ब्रेखमन यांनी व्लादिवोस्तोकला जिनसेंग आणि एल्युथेरोवर काम करताना त्याची व्याख्या पक्की केली. पदार्थ निरुपद्रवी असावा, त्याने एकाच रोगाविरुद्ध नव्हे तर सर्व प्रकारच्या ताणांविरुद्ध शरीराची तग धरण्याची शक्ती वाढावी, आणि शरीर ज्या बाजूला कललं असेल तिथून त्याने ते मध्यावर आणावं. यातली शेवटची अट नीट वाचा. वाढलेलं कमी केलं तरी गुण, कमी झालेलं वाढवलं तरी गुण. कोणत्या निकालाने ही कल्पना खोटी ठरेल? आणि पहिली अट तर त्याहून गमतीची. 'निरुपद्रवी असणं' हे व्याख्येतच बसवलं आहे, म्हणजे एखाद्या मुळाला अ‍ॅडॅप्टोजेन म्हटलं की ते तपासण्याआधीच निर्दोष सुटलं! युरोपच्या औषध नियामक संस्थेने २००८ साली या शब्दाचा आढावा घेतला आणि तो औषधशास्त्रात व प्रत्यक्ष उपचारात मान्य झालेला नाही, त्यामागचं तत्त्व अजून स्पष्ट व्हायचं आहे, असं नोंदवलं. ज्यांना स्वदेशीचा अभिमान आहे त्यांनी हा रशियन कोट आपल्या आस्कंदाला, म्हणजे अश्वगंधेला, का चढवला, हे एक कोडंच आहे.

कारण आपल्या ग्रंथांत या मुळाचं वर्णन वेगळं आहे आणि ते बरंच नेमकं आहे. चरकाने अश्वगंधा बल्य आणि बृंहणीय या गणांत घातली आहे, म्हणजे ताकद देणारी आणि झिजलेलं शरीर भरून काढणारी. बुद्धीसाठी, मेध्य म्हणून, चरकाने जी चार रसायनं सांगितली ती मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाची पूड दुधातून, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. या चौघांत अश्वगंधा नाही. सोळाव्या शतकातला भावप्रकाश तिला वात-कफ कमी करणारी, सूज, क्षय आणि अंगावरचे पांढरे डाग घालवणारी, बळ देणारी आणि अतिशय शुक्रल, म्हणजे वीर्य वाढवणारी, म्हणतो. 'मन प्रसन्न करणारी' हे तिचं तिथलं ओळखपत्र नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. भैषज्यरत्नावलीतलं अश्वगंधारिष्ट मूर्च्छा, अपस्मार आणि उन्माद यांवरही सांगितलेलं आहे, तेव्हा मनाच्या विकारांशी तिचा परंपरेत संबंधच नाही असं म्हणता येणार नाही. मात्र त्या अरिष्टात मुसळी, मंजिष्ठा, हिरडा, दारुहळद अशी बरीच द्रव्यं आहेत आणि आंबवण्यातून तयार झालेलं ५ ते १० टक्के मद्य आहे. त्याचं श्रेय एकट्या अश्वगंधेच्या कॅप्सूलला कसं देता येईल? आणि मनाच्या दोषांबद्दल चरक सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात काय सांगतो? शरीरातले दोष औषधांनी शमतात, मनातले ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी यांनी. उपचाराच्या तीन प्रकारांत त्याने सत्त्वावजय म्हणून एक स्वतंत्र प्रकार दिला आहे, मनाला अहितकारक विषयांपासून आवरण्याचा. आजच्या समुपदेशनाच्या सगळ्यात जवळचं जर काही त्या ग्रंथात असेल तर ते हे आहे. परंपरेचा हवाला द्यायचा तर पूर्ण द्यावा. मूळ घ्यायचं आणि सत्त्वावजय गाळायचा, हा व्यापार झाला.

आता अश्वगंधेची बाजू घेणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. 'चाचण्या झाल्या आहेत ना!' झाल्या आहेत, आणि त्या उडवून लावण्यासारख्या नाहीत. हैदराबादला झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या ६४ जणांपैकी निम्म्यांना मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असा ६० दिवस दिला. ताणाच्या प्रश्नावलीतले गुण त्यांच्यात ४४ टक्क्यांनी उतरले, नकली गोळी घेणाऱ्यांत साडेपाच टक्क्यांनी. रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जवळपास २८ टक्क्यांनी घटलं. त्यानंतर झोपेवर, चिंतेवर अशाच आणखी चाचण्या झाल्या आणि बहुतेकींचा कल अनुकूल आहे. २०२२ साली जैविक मनोविकारशास्त्राच्या जागतिक महासंघाने आणि कॅनडाच्या एका गटाने मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत चिंताविकारासाठी ५ टक्के विथॅनोलाइड (अश्वगंधेतली मुख्य क्रियाशील द्रव्यं) असलेला मुळाचा अर्क रोज ३०० ते ६०० मिलिग्रॅम, अशी तात्पुरती शिफारस आहे. 'सगळं प्लासिबो' म्हणणाऱ्यांनी या ओळीपुढे थांबायला हवं.

पण थांबून पुढेही वाचायला हवं. 'तात्पुरती' हा शब्द तिथे उगीच आलेला नाही. या चाचण्यांत माणसं साधारण पन्नास ते ऐंशी, मुदत दोन-तीन महिने. बऱ्याच चाचण्यांमागे अर्क बनवणाऱ्या कंपन्यांचाच पैसा किंवा पुरवठा. वरचा साडेपाच टक्क्यांचा आकडाही जरा निरखून बघा. ताणाच्या आणि चिंतेच्या चाचण्यांत नकली गोळीनेसुद्धा माणसं बऱ्यापैकी सुधारतात. कुणीतरी आस्थेने विचारपूस करतं, दर पंधरवड्याला फोन येतो, आपण काहीतरी करतो आहोत असं वाटतं. नकली गट जवळजवळ जागचा हललाच नाही, असं दिसलं की अनुभवी वाचकाची भुवई उंचावते. आणि या चाचण्यांत घेतलेली माणसं कोण? बहुतेक ठिकाणी ताणलेली पण धडधाकट. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं झालंय, अशा माणसाला यांतल्या बहुतेक चाचण्यांनी दारातच परत पाठवलं आहे. मग त्या माणसाच्या नातेवाईकांना कुणी कोणत्या आधारावर सांगतं की 'आधी अश्वगंधा देऊन बघा'? गंभीर मनोविकारांत ती वापरून पाहिली गेली आहे, नाही असं नाही. पिट्सबर्गच्या संशोधकांनी बायपोलरच्या रुग्णांना ५०० मिलिग्रॅम आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना १००० मिलिग्रॅम दिली. पण दोन्हीकडे चालू औषधांच्या जोडीला. एकाही रुग्णाची आधीची गोळी काढून घेतलेली नव्हती. समाजमाध्यमांवर या अभ्यासांचा उल्लेख होतो तेव्हा नेमकं हेच गळतं.

मात्रेचा घोळ तर याहून मोठा, आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही. आयुर्वेदिक फार्माकोपियात मुळाच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम. अमेरिकी फार्माकोपियाची अट अशी की चांगल्या मुळात किमान ०.३ टक्के विथॅनोलाइड असावीत. म्हणजे ५ ग्रॅम चूर्णात साधारण १५ मिलिग्रॅम. पाच टक्क्यांच्या अर्काच्या ६०० मिलिग्रॅममध्ये ३०. आणि बाजारात ३५ टक्क्यांचाही अर्क आहे, त्याच्या २४० मिलिग्रॅममध्ये ८४. तिन्हींच्या डब्यांवर 'अश्वगंधा' हेच नाव, पण पोटात जाणारा माल पाचपट-सहापट वेगळा. त्यातही टक्केवारी कोणत्या पद्धतीने मोजली यावर आकडा बदलतो. वजनावर मोजलं तर फुगतो, एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजलं तर खाली येतो. अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलात, यावरही आत काय उतरतं ते ठरतं. 'आमचे आजोबा घेत होते' हा दाखला आजोबांच्या चूर्णापुरता खरा मानू. तोच दाखला कित्येक पट घट्ट केलेल्या अर्काला उसना देता येत नाही.

आणि आजोबा जे घेत होते ते मूळ होतं. नीमच आणि मंदसौरच्या बाजारात मुळांची प्रत लांबी-जाडीवरून लावतात. सात सेंटिमीटरपर्यंत लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, भरीव, मोडल्यावर आतून पांढरंशुभ्र आणि पिठूळ, ते अव्वल. बारीक, धाग्यासारखी, पोकळ मुळं खालच्या प्रतीत जातात आणि चूर्णाच्या चक्कीत बहुधा तीच जातात. शेतात मूळ काढायला पाच-सहा महिने थांबावं लागतं, पाला मात्र फुकट हाती येतो. पानांत विथाफेरिन ए हे विथॅनोलाइड मुळांपेक्षा बरंच जास्त, म्हणून टक्केवारी वाढवायला पानं मिसळण्याचा मोह होतो. हे विथाफेरिन पेशींना मारक आहे आणि कर्करोगाच्या संशोधनात त्याचा अभ्यास होतो तो याच गुणामुळे. अखेर ऑक्टोबर २०२१मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना सांगावं लागलं की पानं वापरू नका, ग्रंथांत आणि फार्माकोपियात मुळाचाच उल्लेख आहे. डबीवर 'अश्वगंधा अर्क' एवढंच लिहिलं असेल आणि 'मूळ' हा शब्द नसेल, तर ती डबी परत ठेवावी.

'हजारो वर्षं वापरात आहे, काही झालं असतं तर कळलं नसतं का?' हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो, पण उत्तर साधं आहे. नसतं कळलं. वैद्याच्या हाताखाली आलेली उलटी, जुलाब, पोट जड होणं, गुंगी हे त्याला दिसतं आणि ग्रंथात उतरतं. हजारात एखाद्याला दीड महिन्यानंतर होणारी कावीळ दिसत नाही, कारण तोवर कारण आणि परिणाम यांची गाठ सुटलेली असते. संख्याशास्त्रात एक ढोबळ नियम आहे. ३० जणांना औषध दिलं आणि एकालाही काही झालं नाही, तरी खरा धोका दहात एक इतका असू शकतो. तीनशेंना दिलं तर शंभरात एक. आता साठ जणांच्या चाचणीत प्रत्यक्ष औषध घेणारे तीस, हे आठवा. मग 'चाचणीत यकृताला काही झालं नाही' या वाक्याचं वजन किती? प्रत्यक्षात २०२० साली आइसलंड आणि अमेरिकेतून यकृताला इजा झालेल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. अश्वगंधा सुरू केल्यावर दोन ते बारा आठवड्यांत कावीळ, अंगाला न सोसणारी खाज. ते सगळे बरे झाले, पण काहींना काही महिने लागले. २०२३मध्ये आपल्याच देशातल्या रुग्णांची मालिका आली. त्यात आधीपासून यकृताचा आजार असलेल्या काही रुग्णांचा मृत्यू झाला. हा दुष्परिणाम दुर्मीळ आहे, हे ठामपणे सांगायला हवं. लाखो लोक हे मूळ घेतात आणि त्यांना काहीही होत नाही. पण दुर्मीळ म्हणजे नाही, असा हिशेब पॅरासिटामॉलला आपण लावत नाही. मग याला का?

इथे सर्पगंधेची आठवण काढलीच पाहिजे, कारण या वादातल्या दोन्ही पक्षांची उत्तरं तिच्या इतिहासात पडून आहेत. बिहारच्या बाजारात 'पागल की दवा' म्हणून विकलं जाणारं हे मूळ. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवरचं औषध म्हणून त्याच्यावर लेख लिहिला आणि मात्राही दिली, २० ते ३० ग्रेन पूड दिवसातून दोनदा. जगाने लक्ष दिलं नाही. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे आपले मोजलेले आकडे ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापले, आणि मग दारं उघडली. १९५२मध्ये सीबा कंपनीने त्यातून रिसर्पिन वेगळं केलं, १९५४मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयातले अनुभव मांडले. आधुनिक मनोविकारशास्त्रातल्या पहिल्या खऱ्या औषधांपैकी एक आपल्या मुळातून आलं होतं. झाडपाला म्हणजे भोंदूगिरी असं सरसकट बोलणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, किंवा सोयीने विसरलेलं असतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याच्या नोंदी पन्नाशीच्या दशकातच येऊ लागल्या. तो दुवा किती पक्का यावर पुढे मतभेद झाले, पण त्या नोंदींमुळेच मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं आणि मनाची स्थिती यांचा संबंध शोधण्याला जोर आला. मनाला शांत करणारं मूळच मनाला खोल गर्तेत ढकलू शकतं, हे हजारो वर्षांच्या वापराने सांगितलं नव्हतं. ते कळलं, कारण मात्रा ठरलेली होती, रुग्ण मोजलेले होते आणि वाईट बातमीही कुणीतरी लिहून ठेवत होतं. सर्पगंधेला प्रतिष्ठा मिळाली ती 'निसर्गाची देणगी' या शिक्क्यामुळे नव्हे, डॉ. वकील यांनी ठेवलेल्या रक्तदाबाच्या नोंदींमुळे.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, आणि तो उडवून लावण्याचा माझा इरादा नाही. निम्हान्स या बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असं दिसलं की मनोविकार असलेल्या दर दहा जणांपैकी सात ते नऊ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही. गडचिरोलीतल्या किंवा सांगोल्याच्या एखाद्या बाईला झोप लागत नसेल, तर तिने जायचं कुठे? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही नावं ऐकूनच घरचे हादरतात. 'वेड्याच्या डॉक्टरकडे' जाण्यापेक्षा काष्ठौषधीच्या दुकानातली पुडी बरी, असं तिला वाटलं तर तिची काय चूक? काहीच नाही. आणि ताण हलका असेल तर त्या पुडीने तिला थोडं बरंही वाटेल. पण जिथे डॉक्टर नाही तिथेच या पुडीचं ओझं वाढतं, हे ध्यानात घ्या. शहरातला माणूस दोन महिने अश्वगंधा घेऊन गुण आला नाही तर गुगल करून कुणाकडे तरी पोचतो. जिच्याजवळ दुसरा रस्ता नाही, तिचे दोन महिने म्हणजे आजार मुरण्याचे दोन महिने. नैराश्यात उशिराची किंमत मोठी असते. तज्ज्ञ कमी आहेत, यावरचा उतारा प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरला साध्या नैराश्याचे उपचार शिकवणं, आशाताईला प्रश्नावली वापरता येणं, ऑक्टोबर २०२२पासून चालू असलेला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा नंबर गावच्या भिंतीवर रंगवणं हा आहे. जेनेरिक गोळी काही रुपयांना मिळते, अश्वगंधेच्या नावाजलेल्या अर्काची महिन्याची डबी कित्येकदा तिच्याहून महाग पडते. तेव्हा 'गरिबाचं औषध' हा युक्तिवादही तपासूनच घ्यावा.

प्रत्यक्षात बिघडतं ते बहुतेक एकाच पद्धतीने. माणूस एस्सिटालोप्रामसारखी नैराश्यावरची गोळी सहा महिन्यांपासून घेतो आहे, बरं वाटतं आहे. कुणीतरी सांगतं, 'केमिकल किती दिवस खाणार? अश्वगंधा घे.' तो गोळी एका दिवसात बंद करतो. तीन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, विचित्र स्वप्नं. हे गोळी अचानक तोडल्याचे परिणाम असतात, पण घरात अर्थ लावला जातो की 'बघा, गोळीची सवय लागली होती', आणि अश्वगंधा दुप्पट होते. दीड-दोन महिन्यांनी मूळ आजार परततो, तेव्हा दोष पुन्हा नशिबाला. क्लोनाझेपामसारखी चिंता आणि झोपेसाठीची गोळी अशी अचानक तोडली तर फिट्सही येऊ शकतात. आणि ती न तोडता सोबत अश्वगंधा सुरू केली तर गुंगी वाढते, स्कूटर चालवणाऱ्याला ते महागात पडतं. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याला घरच्यांनी 'टॉनिक' म्हणून अश्वगंधारिष्ट पाजलं, तर त्यातल्या मद्यामुळे चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या असा प्रसंग ओढवू शकतो. कायद्याने मनाई नसलेली, दुकानात सहज मिळणारी बाटली आहे ती.

घ्यायचीच असेल तर औषधासारखी घ्यावी. आधी आजार कोणता ते ठरवा. जीएडी-७ ही चिंतेची सात प्रश्नांची आणि पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची यादी मराठीतही मिळते, पाच मिनिटांत भरून होते. दोन्हींपैकी कुठल्याही एकीत १० किंवा अधिक गुण आले तर अश्वगंधेच्या आधी डॉक्टर. पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नाला, स्वतःला इजा करण्याच्या विचारांच्या प्रश्नाला, 'अजिबात नाही' सोडून काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी. त्याखालच्या गुणांचा मामला असेल, तर सुरुवातीला यकृताची तपासणी आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. रात्री जेवणानंतर मुळाचा ५ टक्क्यांचा अर्क ३०० मिलिग्रॅम एक आठवडा, पोट बिघडलं नाही तर दोनदा. चूर्ण घेणाऱ्याने निदान क्षीरपाक, म्हणजे दुधातला काढा, नीट करावा. द्रव्याच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, म्हणजे ५ ग्रॅमला ४० मिलिलिटर दूध आणि १६० मिलिलिटर पाणी, मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत, मग गाळून. गार दुधात चमचाभर पूड ढवळून गिळली की पोट जड होतं आणि लोक मुळालाच नावं ठेवतात. त्या काळात दुसरं नवं काही सुरू करू नका, नाहीतर गुण कशाचा आणि त्रास कशाचा ते कळणार नाही. पहिल्या रात्री काही वाटणार नाही, फरक दिसला तर चार ते आठ आठवड्यांत. आठव्या आठवड्यात यादी पुन्हा भरा. जीएडीचे गुण चारनेही उतरले नसतील तर तुमच्यापुरतं हे औषध लागू पडलं नाही. उतरले असतील तरी थांबून बघा, कारण दोन-तीन महिन्यांपलीकडचा भरवशाचा पुरावा फार थोडा आहे. खाज, गडद लघवी, पांढरट शौच, डोळ्यांत पिवळेपणा, यातलं काहीही दिसलं की त्याच क्षणी बंद. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, थायरॉइडचे आणि यकृताचे रुग्ण, अवयव बदललेले, ल्युपससारखे आजार असलेले यांनी मनाने घेऊच नये. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर साखर आणि दाब जास्तच खाली येऊ शकतात.

एवढं सगळं डबीवर का नसतं? कारण आपण या मुळाला दोन पासपोर्ट दिले आहेत. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनलं तर ते औषध. अन्नसुरक्षा कायद्यातल्या न्यूट्रास्युटिकल (खाद्यपूरकांच्या) नियमांखाली बनलं तर तेच मूळ खाद्यपूरक, आणि मग त्या डबीवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असं छापावं लागतं. म्हणजे पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ताणमुक्ती आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तिचा इन्कार. डेन्मार्कने या दुहेरी नागरिकत्वाला नकार दिला, एवढाच खरा त्या बंदीचा अर्थ. आपल्याला बंदी नको असेल, मलाही नको आहे, तर अश्वगंधेचा ठरावीक मात्रेपुढचा प्रत्येक अर्क औषधाच्या बाजूला न्यावा लागेल. वनस्पतीचा कोणता भाग, एका मात्रेत किती मिलिग्रॅम विथॅनोलाइड आणि ती कशी मोजली, किती आठवडे घ्यायचं, गरोदरपण-थायरॉइड-यकृत यांचा इशारा, हे पुढच्या बाजूला मराठीत छापावं लागेल. आणि हे मागण्यात सगळ्यात पुढे आयुर्वेदाची बाजू घेणाऱ्यांनी असायला हवं, कारण गमीत घातलेल्या अश्वगंधेमुळे कुणाला कावीळ झाली तर बदनामी गमीची होणार नाही.

नोंदींचंही तसंच. आयुष औषधांच्या दुष्परिणामांसाठी २०१८पासून देशभर वेगळी यंत्रणा आहे, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत तिचं मुख्य केंद्र आहे. इतर औषधांसाठी १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे, रुग्णही तिथे कळवू शकतो. अश्वगंधा घेताना काही बिघडलं तर डॉक्टरकडे जाताना डबी सोबत न्या. तक्रारीच्या फॉर्मवर उत्पादनाचं नाव आणि बॅच क्रमांक विचारतात, आणि तोवर ती डबी बहुतेक घरांतून कचऱ्यात गेलेली असते.